मागाच्या उंचीचं शहर

खोलीत शिरल्यावर पहिल्यांदा मनात आला तो पंखा. एवढ्या उंच छताला पंखा टांगायचा तर दांडा केवढा लागेल! छत चांगलं चार मीटरवर, जाड लाकडी तुळया उघड्या, खिडक्या गुडघ्यापासून थेट वरपर्यंत. खोलीची लांबी-रुंदी मात्र बेताचीच. एका कोपऱ्यात शिडीने चढायचा पोटमाळा, झोपायची सोय तिथे. घर भाड्याने देणाऱ्या बाई साठी ओलांडलेल्या. माझी मान वर गेलेली बघून म्हणाल्या, "ही खोली माणसांच्या मापाने बांधलेलीच नाही. मागाच्या मापाने बांधली आहे. माग मधोमध उभा, आणि माणसं त्या माळ्यावर."

मला हसू आलं, कारण आमचंही तसंच होतं. मी इचलकरंजीचा. घराच्या पुढच्या अंगाला चार यंत्रमाग आणि मागच्या दीड खोलीत आम्ही सहा जण. रात्रपाळीच्या खडखडाटात आम्ही गाढ झोपायचो आणि लाइट गेली, माग थांबले, की सगळं घर दचकून जागं व्हायचं. माणसांनी मागाच्या उरलेल्या जागेत राहायचं असतं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. पण ते फ्रान्समध्ये, पर्यटक म्हणून पैसे मोजून, पोटमाळ्यावर झोपून पुन्हा कळेल असं वाटलं नव्हतं.

शहराचं नाव आपल्याकडे ल्यॉन असं लिहितात. तिथले लोक लिओं म्हणतात, शेवटचा उच्चार नाकात. पॅरिसहून रेल्वेने दोन तास. १९८१ मध्ये फ्रान्सने आपली अतिवेगवान टीजीव्ही गाडी सुरू केली ती याच दोन शहरांना जोडण्यासाठी. बरेच प्रवासी सकाळी येऊन रात्री परत जातात. ठरलेला क्रम असतो: बेलकूरचा प्रचंड चौक, फूर्विएरच्या टेकडीवरची बॅसिलिका, खाली जुनं शहर, नदीत होडी, रात्री भरपेट जेवण. वाईट काहीच नाही त्यात. पण लिओंला दोन टेकड्या आहेत आणि त्यांची जुनी ओळख अशी की फूर्विएर ही प्रार्थना करणारी टेकडी आणि क्र्वा-रूस ही कष्ट करणारी. पर्यटक प्रार्थनेच्या टेकडीवर चढतात. माझं म्हणणं, आधी दुसरी चढा.

क्र्वा-रूसची चढण खरोखरच चढण आहे. १८६२ मध्ये इथे दोराने ओढली जाणारी रेल्वे सुरू झाली, शहराच्या आत धावणारी जगातली पहिली. लिओंकर अशा गाड्यांना 'फिसेल' म्हणत, म्हणजे सुतळी. विणकरांच्या वस्तीत दुसरं काय नाव पडणार! आज टेकडीवर जायला मेट्रो आहे, ती दातेरी रुळांवरून चढते. वर पोचलं की सपाटी, भाजीबाजार, आणि चौकात एक पुतळा, जोसेफ मारी जाकार यांचा. आपण ज्याला जेकार्ड म्हणतो तो हा माणूस. येवल्यात पैठणीवाल्याकडे जा किंवा इचलकरंजीत साडीच्या मागावर, 'जेकार्ड' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी. पण तो कुणाचं आडनाव असेल हे मला वयाच्या चाळिशीपर्यंत ठाऊक नव्हतं.

जाकार लिओंतच १७५२ मध्ये जन्मला, विणकराच्या घरी. नक्षीदार रेशीम विणायचं तर त्या काळी एका मागावर किमान दोन माणसं लागत. विणणारा पुढे बसे, आणि बाजूला एक पोर, बहुधा मुलगी, नक्षीप्रमाणे दोऱ्यांचे जुडगे ओढत उभी राही. दिवसभर ओढत राही. ताण्याची कोणती सुतं उचलायची हे त्या दोऱ्या ठरवत. या पोरांची कामं यंत्राकडून करून घ्यायची खटपट लिओंत आधीपासून चालू होती. १७२५ मध्ये बाझील बुशों नावाच्या कारागिराने भोकं पाडलेला कागद वापरून पाहिला, पुढे वोकाँसाँने स्वयंचलित माग बनवला. जाकारने ही सगळी तुकड्यातुकड्यांची अक्कल १८०४ च्या सुमारास एकत्र आणली आणि चालवून दाखवली.

युक्ती सोपी आहे, पण समोर बघेपर्यंत डोक्यात शिरत नाही. मेझों दे कान्यू नावाचं एक छोटं संग्रहालय याच टेकडीवर आहे. कान्यू म्हणजे लिओंचा रेशीम-विणकर. तिथे जुना माग चालवून दाखवतात. मागाच्या डोक्यावर जाकारचं यंत्र बसवलेलं, म्हणून तर चार मीटरचं छत. त्यातून पुठ्ठ्याच्या पत्त्यांची एकमेकांना ओवलेली माळ खाली लोंबते. एक पत्ता म्हणजे बाण्याचा एक फेरा, आमच्या भाषेत एक पिक. पत्ता सुयांच्या रांगेवर येऊन टेकतो. जिथे भोक आहे तिथली सुई आत शिरते, तिचा आकडा जागेवर राहतो आणि ते सूत उचललं जातं. भोक नसेल तर सुई मागे ढकलली जाते आणि सूत खालीच राहतं. आहे किंवा नाही, बस. धोटा गेला, फणी आपटली, पुढचा पत्ता. संगणकाच्या गोष्टीची सुरुवात अनेक जण इथून करतात, आणि ते ओढूनताणून नाही. १८३९ मध्ये लिओंत जाकारचंच एक चित्र रेशमात विणलं गेलं, त्याला २४,००० पत्ते लागले. लंडनच्या चार्ल्स बॅबेजने त्याची एक प्रत मिळवून घरात लावली होती, आणि आपल्या गणिती यंत्रासाठी पत्त्यांची कल्पना त्याने जाकारकडूनच घेतली.

दाखवणाऱ्या तरुणीने पायटा दाबला आणि मागाचा आवाज आला. इथल्या लोकांनी त्या आवाजाला नाव ठेवलंय, 'बिस्तांक्लाक-पां'. आमच्या यंत्रमागांच्या मानाने अगदीच सौम्य, एकेक शब्द सुटा ऐकू येणारा. मी विचारलं, दिवसाला किती विणून होतं? ती म्हणाली, नक्षीच्या मखमलीसारखं कापड असेल तर काही सेंटिमीटर. गटातल्या बाकीच्यांनी कौतुकाचा हुंकार दिला. माझ्या मनात मात्र लगेच हिशोब: मग मजुरी कशी परवडायची?

परवडत नव्हतीच. त्याचीच पुढची गोष्ट.

लिओंची रेशीम-मक्तेदारी राजाच्या हुकुमाने उभी राहिली. इटलीच्या रेशमावर फ्रान्सचा पैसा वाहून जातो म्हणून राजा फ्रान्स्वा पहिला याने १५३६ मध्ये एतिएन त्युर्के या व्यापाऱ्याला इथे रेशीम विणायची सवलत दिली. पुढच्या तीन शतकांत युरोपभरच्या राजवाड्यांचे पडदे, चर्चचे झगे, राण्यांचे घागरे इथे विणले गेले. पण 'कारखाना' असा नव्हताच. व्यापारी खाली शहरात बसे. तो कच्चं रेशीम आणि नक्षी देई. विणकर वर टेकडीवर, माग त्याचा स्वतःचा, घर भाड्याचं, हाताखाली एक-दोन कारागीर आणि बायकामुलं. विणलेल्या कापडाच्या मापावर मजुरी. इचलकरंजीत याला 'खर्चीवाला' म्हणतात. माग आपला, बिमं व्यापाऱ्याची, दर पिकावर. मालक म्हणावं तर हातात काही नाही, कामगार म्हणावं तर कायद्याने कामगार नाही. १८३१ मध्ये लिओंत असे सुमारे ८,००० मागधारक होते, आणि त्यांच्या हाताखाली सुमारे ३०,००० कारागीर.

त्या वर्षी दर घसरत चालले होते. विणकरांची मागणी साधी, प्रत्येक कापडाला किमान दर ठरवून द्या. ऑक्टोबरात सरकारी प्रीफेक्टने दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींना बोलावलं आणि दरपत्रक ठरलं. ठरलं आणि बरेच व्यापारी म्हणाले, आम्ही मानत नाही, हा व्यापाराच्या स्वातंत्र्यावर घाला आहे. पॅरिसच्या सरकारने त्यांचीच बाजू घेतली. आमच्या गावात मजुरीवाढीच्या बैठका प्रांत कार्यालयात होतात. करार होतो, फोटो छापून येतो आणि दुसऱ्या आठवड्यात दर पूर्ववत. त्यामुळे हा भाग मी संग्रहालयाच्या भिंतीवर वाचला नाही, ओळखला.

२१ नोव्हेंबर १८३१ ला विणकर टेकडीवरून खाली उतरले. काळा झेंडा, त्यावर मजकूर असा की काम करत जगू, नाहीतर लढत मरू. दोन दिवसांत सैन्य शहर सोडून निघून गेलं आणि फ्रान्सचं दुसरं मोठं शहर विणकरांच्या ताब्यात आलं. आता काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना राज्य नको होतं, दरपत्रक हवं होतं. लुटालूट झाली नाही, उलट टाकसाळ आणि खजिन्यावर त्यांनीच पहारे बसवले. डिसेंबरच्या सुरुवातीला मार्शल सुल्त आणि राजपुत्र वीसेक हजार सैन्य घेऊन आले, दरपत्रक रद्द झालं, मध्यस्थी करणारा प्रीफेक्ट बडतर्फ. १८३४ च्या एप्रिलमध्ये पुन्हा उठाव झाला, तेव्हा मात्र तोफा चालल्या आणि शेकडो माणसं मेली. मधल्या काळात विणकर स्वतःचं साप्ताहिकही काढत होते, 'लेको द ला फाब्रिक'. विणकर वाचत होते, लिहीत होते, आपल्या हिशोबाची भाषा त्यांना सापडली होती. युरोपातल्या कामगार चळवळीचा इतिहास लिहिणारे इथे थांबल्याशिवाय पुढे जात नाहीत. लिओंच्या पर्यटन-नकाशावर मात्र या उठावाला एका भित्तिचित्राएवढी जागा. 'म्युर दे कान्यू' हे ते चित्र, १,२०० चौरस मीटरची भिंत आणि त्यावर रंगवलेला जिना, घरं, माणसं. खऱ्याचा भास होतो, लोक जिन्यासमोर उभं राहून फोटो काढतात. चित्र सुंदर आहे. त्यात भांडण कुठेच नाही.

टेकडीवरून खाली येताना त्राबूल लागतात. हा लिओंचा खास शब्द. एका गल्लीतल्या घराच्या दारातून शिरायचं, बोळ, चौक, जिना, पुन्हा बोळ, आणि दुसऱ्या गल्लीत बाहेर पडायचं. शहरात असे शेकडो रस्ते आहेत आणि ते सगळे खाजगी घरांच्या पोटातून जातात. जुन्या लिओंतले कित्येक मध्ययुगातले, कारण नदीला समांतर लांबलचक गल्ल्या आणि त्यांना छेदणारे रस्ते फार कमी. पाण्याला जायचं तर घराघरातून. क्र्वा-रूसच्या उतारावरचे नंतरचे, तिथून रेशमाचे तागे खाली व्यापाऱ्याकडे नेता येत, पावसात भिजू न देता. 'कूर दे व्होरास' नावाच्या चौकातला सहा मजली उघडा दगडी जिना बघितलात की मुंबईची चाळ आठवेल. वर तोंड करून बघितलं तर एका कठड्यावर सतरंजी वाळत होती. बरं वाटलं.

पालिकेने घरमालकांशी करार करून चाळीसेक त्राबूल लोकांसाठी खुले ठेवले आहेत. सफाई आणि दिव्यांचा खर्च पालिकेकडे. आत मोठ्याने बोलायचं नाही, एवढी अट. आम्ही ती पाळली, पण बायकोने दार उघडायचं बटण समजून कुणाच्या तरी घराची बेल दाबली. दुसऱ्या मजल्यावरून एक आजोबा डोकावले आणि बरंच काही बोलले. भाषा कळली नाही तरी मजकूर कळला. पुढे चार दारांना बायको मलाच पुढे करत होती.

दुसऱ्या महायुद्धात या बोळांचा उपयोग भूमिगतांनी केला. जर्मन गस्तीला एका दाराने चुकवून दुसऱ्याने पसार व्हायचं. लिओं फ्रेंच प्रतिकाराची एक राजधानीच होती. क्र्वा-रूसला लागून असलेल्या कालुईर या गावात २१ जून १९४३ ला जाँ मूलँ पकडला गेला. विखुरलेल्या गटांना एकत्र आणणारा माणूस. गेस्टापोच्या क्लाउस बार्बीने केलेल्या छळानंतर तो मरण पावला. बार्बी पळून बोलिव्हियात राहिला. १९८७ मध्ये त्याला याच शहरात, सोन नदीकाठच्या चोवीस खांबांच्या न्यायालयात उभं करून जन्मठेप झाली.

जुनं लिओं आज इतकं नटलेलं आहे की ते वाचलं कसं हे कुणी विचारत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर ती पडकी, ओली, दाटीवाटीची वस्ती होती. महापौर लुई प्रादेल यांना मोटारींसाठी तिच्यातून रस्ता काढायचा होता. नागरिकांनी विरोध केला, आणि संस्कृतिमंत्री आंद्रे मालरो यांच्या १९६२ च्या कायद्याखाली १९६४ मध्ये हा भाग फ्रान्समधला पहिला संरक्षित विभाग ठरला. १९९८ मध्ये युनेस्कोचा शिक्का बसला. आता गुलाबी बुरुजाच्या आजूबाजूला आइस्क्रीमची दुकानं. वाचवलेल्या वस्तीत मूळचे भाडेकरू फार उरत नाहीत, हे पुण्यामुंबईच्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

आता नद्या. लिओं दोन नद्यांचं. ऱ्होन स्वित्झर्लंडच्या हिमनदीतून निघते, जिनिव्हाचं सरोवर पार करून थंडगार आणि घाईत येते. सोन उत्तरेकडून येते, इतकी संथ की सीझरने आपल्या गॉलच्या युद्धवृत्तान्तात लिहून ठेवलंय, नुसत्या डोळ्यांनी बघून ती कुठल्या दिशेला वाहते ते ठरवता येत नाही. दोन हजार वर्षांनी मीही पुलावर उभा राहून बघितलं. एक बाटली तरंगत चालली होती म्हणून दिशा कळली. फ्रेंचांच्या व्याकरणात ऱ्होन पुरुष आणि सोन बाई. बेलकूरच्या चौकात चौदाव्या लुईच्या घोड्याखाली या दोघांचे ब्राँझचे पुतळे होते, कुस्तू बंधूंनी घडवलेले. आपल्याकडे नेमकं उलटं, आपला शोण हा नद.

संगम बघायला आम्ही शहराच्या दक्षिण टोकापर्यंत चालत गेलो. वाटेत २०१४ मध्ये उघडलेलं काचेचं-पोलादाचं अवाढव्य संग्रहालय, ढगात अडकलेल्या जहाजासारखं. त्याच्या पुढे जमिनीची टोकदार जीभ, आणि दोन्ही बाजूंनी पाणी. एक हिरवट, एक फिक्या निळ्या-करड्या रंगाचं. दोन्ही पाणी बराच वेळ एकमेकांत मिसळत नाही, मधोमध रेघ दिसते. मी नरसोबाच्या वाडीचा संगम बघत वाढलो. बायको कराडची, तिच्या माहेरी कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भेटतात, तेव्हा तिचे संगमांचे निकष कडक. तिने थोडा वेळ बघितलं. "घाट नाही, देऊळ नाही, एक नारळ सोडायला जागा नाही," ती म्हणाली, "पण रेघ छान आहे." पुढे सोनचं नाव संपतं आणि ऱ्होन भूमध्य समुद्राकडे जाते. पंचगंगेचंही तसंच होतं, वाडीला ती कृष्णेत जाते आणि तिचं नाव तिथेच संपतं.

या नद्यांनी शहराला छळलंही आहे. १८५६ च्या मे अखेरीस ऱ्होनने बांध फोडला आणि डाव्या तीरावरची मातीच्या भिंतींची हजारो माणसांची वस्ती विरघळून खाली बसली. त्यानंतर मातीची घरं बांधायला बंदी आली. पंचगंगेचे २००५ आणि २०१९ चे पूर पाहिलेल्या माणसाला यापुढे काही सांगायची गरज नाही. आता त्याच काठावर, जिथे कालपरवापर्यंत गाड्या उभ्या राहत, तिथे २००७ पासून पाचेक किलोमीटरचा चालायचा-सायकलचा रस्ता आहे. संध्याकाळी अख्खं शहर तिथे पाय सोडून बसलेलं असतं.

पुरामुळेच एक सण जन्मला, आणि दिवाळी अंकात तो सांगायलाच हवा. फूर्विएरच्या टेकडीवर मेरीचा सोनेरी पुतळा ८ सप्टेंबर १८५२ ला बसवायचा होता. सोनला पूर आला, शिल्पकाराच्या कामशाळेत पाणी शिरलं, तारीख ८ डिसेंबरवर गेली. त्या दिवशी वादळ. दारूकाम रद्द व्हायची वेळ आली. संध्याकाळी आभाळ मोकळं झालं आणि लोकांनी आपापल्या खिडकीत मेणबत्त्या लावल्या, नळीदार काचेच्या छोट्या पेल्यांत. तेव्हापासून दरवर्षी ८ डिसेंबरला तसंच. आता त्याभोवती चार रात्रींचा मोठा प्रकाशमहोत्सव होतो, इमारतींवर लेझर, लाखोंची गर्दी, हॉटेलांचे दर दुप्पट. घरमालकीणबाई म्हणाल्या, "त्या चार दिवसांत मी खाली उतरतच नाही. माझ्या खिडकीतले दिवे मात्र चुकत नाही." पेले त्यांनी दाखवले. पणत्यांसारखेच वर्षभर कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले.

फूर्विएरवर शेवटी गेलो. बॅसिलिका १८७२ मध्ये बांधायला घेतली. चार कोपऱ्यांना चार मनोरे, म्हणून लिओंकर तिला उताणा पडलेला हत्ती म्हणतात. एकदा ऐकलं की दुसरं काही दिसत नाही. आत सोन्याचा अतिरेक आहे, मला दहा मिनिटं पुरली. खाली रोमन रंगमंडल मात्र तासभर बसण्यासारखं. रोमनांनी हे शहर इसवीसनापूर्वी ४३ मध्ये वसवलं, नाव लुग्दुनुम, आणि सम्राट क्लॉडियसचा जन्म इथलाच. शेजारच्या संग्रहालयात ब्राँझचा एक पत्रा आहे, त्यावर क्लॉडियसने इसवी सन ४८ मध्ये रोमच्या सिनेटमध्ये केलेलं भाषण कोरलेलं. मुद्दा असा की गॉलच्या लोकांना सिनेटमध्ये घ्या, रोम मोठं झालं ते बाहेरच्यांना आत घेऊनच. हा पत्रा १५२८ मध्ये सापडला क्र्वा-रूसच्या उतारावर, एका कापडव्यापाऱ्याला. या शहरात कापडवाले सगळीकडे आधी पोचलेले.

जेवणाविषयी लिओंकर फार बोलतात, आणि बोलण्याचा त्यांना अधिकार आहे. बुशों नावाच्या छोट्या खानावळींत जनावराचं काही वाया जात नाही: आतड्यांची सॉसेजं, पोटाच्या पिशवीचा तळलेला तुकडा, रक्ताचं बूदँ. पुण्याचे सहप्रवासी दचकले. आम्हाला वजडी आणि रक्तीची सवय, आम्ही जेवलो. शाकाहारी वाचकांनी 'सेर्वेल द कान्यू' मागवावं. नावाचा अर्थ विणकराचा मेंदू. प्रत्यक्षात तो चक्का, त्यात कांद्याच्या जातीची कोवळी पात, लसूण, व्हिनेगर, तेल. विणकराला भेजा परवडत नसे म्हणून ही थट्टा, असं सांगतात. भाकरीबरोबर फर्मास लागेल. इथल्या खाण्याची कीर्ती आधी बायकांनी केली, 'मेर' म्हणजे आई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वयंपाकिणींनी. त्यांतल्या युजेनी ब्राझिए यांना १९३३ मध्ये त्यांच्या दोन खानावळींसाठी तीन-तीन असे मिशलॅनचे सहा तारे मिळाले. पुढे जगप्रसिद्ध झालेला पॉल बोक्यूज त्यांच्याच स्वयंपाकघरात शिकला. बाजाराला नाव मात्र बोक्यूजचं.

शेवटच्या सकाळी मेट्रोने मोंप्लेझीरला गेलो. पर्यटक इकडे कमी येतात. इथे आंत्वान ल्युमिएर यांचा छायाचित्रणाच्या काचपट्ट्या बनवणारा कारखाना होता. त्यांची मुलं ऑग्युस्त आणि लुई. १९ मार्च १८९५ ला लुईने रस्त्यापलीकडे यंत्र मांडलं आणि कारखाना सुटतानाची माणसं टिपली. साधारण पाऊण मिनिट. दार उघडतं आणि बायकाच बायका, लांब झगे, हॅट, मग पुरुष, एक कुत्रा, सायकल. आमच्या भाषेत, पाळी सुटली. चालत्या चित्रांची गोष्ट इथून सुरू होते: राजा नाही, देव नाही, घरी निघालेले कामगार. रस्त्याचं नाव आता 'र्यू द्यु प्रमिए फिल्म', पहिल्या चित्रपटाची गल्ली. त्या दारामागच्या शेडचा काही भाग राखून चित्रपटगृह केलंय. बाजूला ल्युमिएरांचा वाडा, त्यात संग्रहालय. तिथे त्यांनी बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले कण वापरून काढलेली रंगीत छायाचित्रंही आहेत. ही पद्धत १९०७ मध्ये बाजारात आली. पण माझं लक्ष सगळं दारावर. मी तीनदा चित्रपट बघितला. घाईने बाहेर पडणारी ती चाल मला ओळखीची होती.

हीच चित्रं घेऊन ल्युमिएरांचा प्रतिनिधी मारिउस सेस्तिए ऑस्ट्रेलियाला जाता जाता मुंबईत उतरला. ७ जुलै १८९६ ला काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात खेळ झाला, तिकीट एक रुपया. दाखवलेल्या सहा चित्रांत कारखाना सुटतानाचं हे चित्र होतं. मुंबईत त्या वेळी गिरण्यांचे भोंगे वाजत होते आणि हजारो माणसं तशीच दारातून सुटत होती. पण वॉटसनमध्ये गोऱ्यांची वर्दळ, आणि गिरणी कामगाराला रुपया परवडणारा नव्हता. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि तिकीट चार आण्यांपासून मिळू लागलं. ते खेळ बघितलेले छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी यंत्र मागवलं आणि १८९९ मध्ये मुंबईतली कुस्ती चित्रित केली.

लिओंला जाल तर त्राबूलसाठी सकाळ राखून ठेवा, बरीचशी दारं दुपारनंतर उघडत नाहीत. आणि निघायच्या आधी एकदा काळा घोड्याला जा. वॉटसनची इमारत तिथेच आहे, नाव एस्प्लनेड मॅन्शन. धोकादायक ठरवून २०१९ मध्ये ती रिकामी करण्यात आली.